ऑइल बदलण्याआधी इंजिन फ्लश करावं का?

टेकडीवरून | १५ जून २०२४, रात्री ९:१२

मंडळी, प्रश्न साधा आहे पण दोन दिवस डोकं खातोय.

मागच्या सप्टेंबरात सेकंडहँड गाडी घेतली. २०१६ ची, पेट्रोल, बाराशे सीसी, चार सिलिंडर. घेतली तेव्हा ५८ हजार किमी, आता ६५ हजार. कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही, नाहीतर चौथ्या प्रतिसादात पत्र्याची जाडी निघेल आणि माझा प्रश्न राहील बाजूला. सर्व्हिस बुकात पहिले तीन शिक्के आहेत, पुढची पानं कोरी. आधीचे मालक म्हणाले होते, "ऑइल वेळच्या वेळी बदललंय, बाहेर करायचो." बाहेर म्हणजे कुठे ते त्यांनाही आठवेना.

ऑइल बदलायचं म्हणून वर्कशॉपला फोन केला. तिथला मुलगा म्हणाला, "सर, इंजिन फ्लश टाकू ना? ८५० रुपये. साठ हजारच्या पुढच्या गाडीला घ्याच, आत कार्बन झालेला असतो." गाडी अजून माझ्या पार्किंगमध्येच होती, त्याने बघितलेलीही नव्हती.

रोजचा वापर कोथरूड ते डेक्कन आणि परत. जेमतेम नऊ किमी, तेही सिग्नल मोजत. फ्लश करू की नको? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

मी_पामर | १५ जून, रात्री ९:३०

फोनवरून कार्बन दिसणारा मुलगा मला द्या. आमच्या सोसायटीच्या ड्रेनेज लाईनमध्ये काय अडकलंय तेही विचारायचंय.

---

निव्वळ_शंका | १५ जून, रात्री ९:५१

कर रे बिनधास्त. मी गेली आठ वर्षं दर ऑइल बदलाला फ्लश करतो. बाटली जुन्या ऑइलमध्ये ओतायची, दहा मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवायची, मग ऑइल काढायचं. निघतं ते डांबरासारखं काळं. ते आत राहिलं असतं तर? १ लाख १० हजार किमी झाले, इंजिन लोण्यासारखं चालतंय. आठशे रुपयांसाठी इतका काथ्याकूट कशाला?

---

सह्याद्री_टर्बो | १५ जून, रात्री १०:०५

निव्वळ_शंका, काळं निघतं हा पुरावा कसा झाला? माझी डिझेल आहे. नवं ऑइल घालून घरापासून चांदणी चौकापर्यंत गेलो की ऑइल मोजायची गेजची पट्टी काळी. डिझेलची काजळी ऑइल स्वतःत धरून ठेवतं, ते त्याचं कामच आहे. फ्लश न करता काढलंस तरी काळंच निघणार होतं.

---

गेजपट्टी | १६ जून, सकाळी ६:४०

सांगलीत गॅरेज होतं माझं, अडतीस वर्षं. आता मुलगा बघतो, मी खुर्ची टाकून बसतो आणि चुका काढतो.

आमच्या वेळी फ्लशची बाटली नव्हती, रॉकेल होतं. रेशनचं निळं. ऑइल काढायचं, दोन लिटर रॉकेल ओतायचं, इंजिन मिनिटभर फिरवायचं, काढून टाकायचं. फियाट, जीप, सगळ्यांना हेच औषध. तेव्हा ते खपायचं, कारण ऑइलच तसलं होतं. साधं चाळीस नंबरचं, घाण धरून ठेवायची ताकद त्यात फारशी नव्हती. घाण खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, गाळासारखी बसायची. मग धुवायला लागायचंच. आताच्या ऑइलात साबण आधीच घातलेला असतो, ते रोजच थोडं थोडं धूत असतं.

पण माझा एक पराक्रम सांगतो, तो ऐका आणि मग ठरवा. २००९ साल असेल. एक पेट्रोल गाडी आली, मालक डॉक्टर, गाडी दवाखान्यापर्यंत जायची आणि घरी यायची. तीन वर्षं ऑइल बदललेलं नव्हतं, कमी झालं की वरून टॉप अप. ऑइल ओतायची कॅप उघडली तर आत चुलीच्या तव्यासारखा थर. नखाने खरवडला तर वडी निघाली. मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, धुऊन देतो. बाटली तेव्हा नवीनच आली होती, मलाच हौस. ओतली, पंधरा मिनिटं चालवली, काढलं, नवं ऑइल, नवा फिल्टर. गाडी एकदम गुळगुळीत. डॉक्टर खूश, मी खूश.

चौथ्या दिवशी अंकलीच्या पुलापाशी ऑइलचा लाल दिवा लागला. त्यांना वाटलं, गॅरेज जवळच आहे, पोचू. पोचले, पण इंजिन खडखडत. चेंबर खाली उतरवला तर ऑइल पंपाच्या तोंडाला जी जाळी असते ती पूर्ण बुजलेली. काळ्या पपडीचे तुकडे, कॉफीच्या चोथ्यासारखे. बेअरिंग गेली होती. इंजिन काम माझ्या खर्चाने करून दिलं, कारण चूक माझी होती. अर्धवट सोललेला गाळ आत ठेवून मी गाडी बाहेर सोडली होती.

तेव्हापासून माझा नियम. आत गाळ नसेल तर फ्लशला काम नाही. गाळ जास्त असेल तर फ्लश धोक्याचा, तिथे चेंबर उतरवायचा. मधल्या गाडीला चालेल. आणि मधली गाडी कुठली ते कॅप उघडल्याशिवाय कळत नाही.

टेकडीवरून, तुम्ही कॅप उघडून बघितली का?

---

मी_पामर | १६ जून, सकाळी ८:१५

काका, वाचनखूण साठवली. स्वतःची चूक एवढी सविस्तर सांगणारा माणूस या संस्थळावर पहिल्यांदा बघतोय.

---

निव्वळ_शंका | १६ जून, सकाळी ८:४४

काकांबद्दल आदर आहे, पण ती गाडी तीन वर्षं दुर्लक्षित होती. दर १० हजारला फ्लश केला असता तर गाळ झालाच नसता. आणि सुटलेली घाण अडवायला फिल्टर असतोच की. कशाला बसवलाय तो?

---

अनुजा_वि | १६ जून, दुपारी १२:२०

मी वंगणतेलाच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून दोन गोष्टी स्पष्ट करते.

पहिली फिल्टरची. ऑइलचा प्रवास असा असतो: चेंबर, जाळी, पंप, फिल्टर आणि मग बेअरिंग. फिल्टर पंपाच्या *नंतर* येतो, जाळी *आधी*. फिल्टर तुंबला तर त्याच्या बाजूने ऑइल जाऊ देणारा बायपास व्हॉल्व्ह असतो. गाळलेलं नसलं तरी ऑइल पोचतं. जाळीला असा चोरदरवाजा नाही. ती बुजली की पंप रिकामा ओढतो आणि सगळं इंजिन उपाशी. काकांच्या डॉक्टरसाहेबांचं तेच झालं. तो लाल दिवाही ऑइल किती आहे ते मोजत नाही, दाब मोजतो. तो लागतो तेव्हा दाब आधीच पडलेला असतो. दिवा लागला की गाडी तिथेच बंद, "जवळच आहे" हा हिशोब करायचा नाही.

दुसरी बाटलीची. बहुतेक फ्लशच्या सुरक्षापत्रकात बघितलंत तर मोठा वाटा रॉकेलच्या नात्यातल्या पेट्रोलियम द्रावकाचा असतो, सोबत थोडे डिटर्जंट. म्हणजे काकांचं रॉकेलच, जरा शहाणं करून रंगीत बाटलीत भरलेलं. द्रावक मिसळला की ऑइल पातळ होतं, त्याचा थर अशक्त होतो. म्हणून बाटलीवर लिहिलेलं असतं की गाडी जागेवरच ठेवा, रेस करू नका, चालवू नका. "फ्लश टाकून एक चक्कर मारून आणतो" म्हणणाऱ्याच्या हातून किल्ली काढून घ्या.

"उरलेला फ्लश नवीन ऑइल बिघडवतो" ही भीतीही बरेच जण घालतात, ती मात्र फुगवलेली आहे. ३०० मिली बाटली, सव्वातीन लिटर ऑइल. मिश्रणात फ्लश साधारण साडेआठ टक्के. ऑइल काढल्यावर कानाकोपऱ्यात पाव लिटर राहिलं असं धरा, तर त्यात फ्लश वीस-बावीस मिली. नव्या ऑइलच्या मानाने पाऊण टक्कासुद्धा नाही, आणि त्यातलाही काही भाग इंजिन तापल्यावर उडून जातो. अर्थात गरम असताना नीट निथळू दिलं तर. घाईत पाच मिनिटांत बोल्ट लावला तर हा हिशोब मोडतो.

निव्वळ_शंका, तुमच्या इंजिनचं श्रेय माझ्या मते दर १० हजारला न चुकता बदललेल्या ऑइलला आहे. बाटली न वापरताही ते असंच चाललं असतं, असं मला वाटतं.

---

निव्वळ_शंका | १६ जून, दुपारी १:०२

वाटतं. सिद्ध नाही.

---

अनुजा_वि | १६ जून, दुपारी १:३०

मान्य. तुमच्या गाडीची फ्लश न केलेली जुळी बहीण असती तर दोन्ही उघडून बघितल्या असत्या.

---

श्टुटगार्टकर | १६ जून, दुपारी ३:४८

इकडे जर्मनीत फ्लशच्या बाटल्या सुपरमार्केटसारख्या दुकानांत रांगेने लावलेल्या असतात आणि लोक घेतातही. पण इकडचं दुखणं वेगळं. काही गाड्यांना लाँगलाइफ ऑइल, ३० हजार किमी किंवा दोन वर्षं. ऑटोबानवर लांब पळणाऱ्याला ते पचतं. माझ्यासारख्या गावात फिरणाऱ्याने हिवाळ्यात दोन वर्षं तेच ऑइल ठेवलं तर आत काय होत असेल. मी दरवर्षी बदलतो, सासरे म्हणतात पैसे जास्त झालेत.

---

कारवारी_कोळंबी | १६ जून, संध्याकाळी ५:१०

एक इशारा. काही इंजिनांत टायमिंग बेल्ट ऑइलमध्येच बुडालेला असतो. इकोस्पोर्टचं एक लिटर टर्बो इंजिन तसं आहे, माझ्याकडे तीच गाडी आहे. रबराचा बेल्ट आणि द्रावक यांची भेट घालू नये. बेल्ट फुगला, मऊ पडला, त्याचा भुगा झाला तर तो भुगा जातो कुठे? त्याच जाळीवर. अशा गाडीला कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं ऑइल, वेळेवर, आणि वरून काहीही नाही.

---

प्रशासक | १६ जून, संध्याकाळी ५:३२

एका विशिष्ट बाटलीची खरेदीची लिंक देणारे तीन प्रतिसाद उडवले आहेत. तिन्ही आयडी आजच जन्मलेले होते.

---

टेकडीवरून | १६ जून, रात्री ८:५५

काका, आज उघडली कॅप. मोबाइलचा टॉर्च मारून आत बघितलं. कॅमशाफ्ट दिसतो तेवढ्या भागात धातूवर चहाच्या डागासारखा तपकिरी रंग आहे. बोट फिरवलं तर ऑइल लागलं, पपडी नाही. पण कॅपच्या आतल्या बाजूला पांढरट, ताकावरच्या लोण्यासारखं काहीतरी चिकटलंय. ते बघून पोटात गोळा आला. कुणीतरी म्हणालं हेड गॅस्केट गेलं, म्हणजे कूलंट ऑइलात मिसळतंय.

---

गेजपट्टी | १६ जून, रात्री ९:२०

घाबरू नका. कूलंट कमी होतंय का? डब्यातली पातळी बघा, गाडी थंड असताना. गेजची पट्टी काढून बघा, तिच्यावरही पांढरं आहे का. मागून पांढरा धूर येतो का, गाडी तापल्यावरसुद्धा?

---

टेकडीवरून | १६ जून, रात्री ९:४१

कूलंट सप्टेंबरात होतं तिथेच आहे. पट्टी स्वच्छ, तपकिरी ऑइल. धूर नाही.

---

गेजपट्टी | १६ जून, रात्री ९:५८

मग ते पाणी पावसाळी हवेचं आणि तुमच्या नऊ किलोमीटरचं. इंजिनमध्ये जळताना वाफ होते, ती थोडी खाली ऑइलात उतरते. गाडी लांब गेली की ऑइल तापतं आणि ती उडून जाते. तुमची गाडी डेक्कनला पोचते तोवर पाण्याचा काटा मध्यावर आलेला असतो, पण ऑइल मागून तापतं. काटा बघून ऑइल तापलं समजू नका. कॅप सगळ्यात थंड जागा, म्हणून वाफ तिथे जमते. पावसाळ्यात महाबळेश्वरच्या गाड्यांना हे सर्रास. कॅप फडक्याने पुसा आणि रविवारी बायकामुलांना घेऊन साताऱ्यापर्यंत जाऊन या. कंदी पेढे आणा.

तपकिरी डाग म्हणजे वॉर्निश, जुन्या ऑइलचा धातूवर बसलेला पातळ थर, या वयाच्या इंजिनला असतोच. फ्लश नको.

---

अनुजा_वि | १६ जून, रात्री १०:३०

काकांशी सहमत. सततच्या छोट्या फेऱ्या, ऑइलात उतरणारं पाणी आणि पेट्रोल, त्यावर लांबवलेला ऑइल बदल. गाळाची कृती हीच. काही इंजिनांची रचनाही त्याला मदत करते. टोयोटाच्या १९९७ ते २००२ च्या काही इंजिनांत अमेरिकेत गाळाच्या इतक्या तक्रारी आल्या की २००२ मध्ये कंपनीने आठ वर्षांपर्यंत दुरुस्तीचा खर्च उचलायची योजना काढली.

टेकडीवरून, तुमचा इतिहास कोरा आहे म्हणून एक सुचवते. आता साधा ऑइल बदल, मॅन्युअलमधल्या ग्रेडचं चांगलं ऑइल आणि *नवा फिल्टर*. पुढचा बदल १० हजारला न करता तीन-चार हजारला, पुन्हा फिल्टरसकट. ८५० रुपये बाटलीवर घालण्यापेक्षा त्या जादा ऑइलवर घाला. ऑइलातलं डिटर्जंट हळूहळू सोलतं, एकदम पपडी पाडत नाही. वापर असाच राहणार असेल तर नंतरही किमीपेक्षा महिन्यांवर जा.

---

सह्याद्री_टर्बो | १७ जून, सकाळी ९:०५

डिझेलवाल्यांसाठी अवांतर. बीएस ६ गाडीत डीपीएफ आहे, म्हणजे धुरातली काजळी पकडून ती जाळणारा फिल्टर. शहरात त्याचं जळण पुरं होत नाही, आणि डिझेल ऑइलात उतरतं. पट्टीवर ऑइल *वाढलेलं* दिसलं तर खूश होऊ नका, वाढलंय ते डिझेल आहे. तशा गाडीत आणखी एक द्रावक ओतायची बुद्धी कुणालाही न होवो. टर्बोची शाफ्ट त्याच ऑइलवर तरंगते.

---

निव्वळ_शंका | १७ जून, सकाळी १०:१५

ठीक आहे, पुढच्या वेळी एकदा न करता बघतो. पण काहीही आवाज आला तर या धाग्यावर येऊन सगळ्यांची नावं घेणार.

---

टेकडीवरून | २३ जून, दुपारी ४:२०

अपडेट. त्या वर्कशॉपला गाडी टाकलीच नाही. घराजवळच्या छोट्या गॅरेजात समोर उभं राहून करून घेतलं. आधी वारजे पुलापर्यंत दोन चकरा मारून ऑइल तापवलं. बोल्ट काढला, वरची कॅपही उघडी ठेवली, आणि काकांचं नाव घेऊन अर्धा तास निथळू दिलं. मिस्त्री दोनदा म्हणाला "झालं साहेब", मी चहा सांगितला.

मजा पुढे आहे. फिल्टर काढायला गेला तर निघेना. चारही बाजूंनी चिखल बसून दगड झालेला. पट्टा लावून पिळला तेव्हा सुटला. पुसल्यावर डब्यावर मार्करने लिहिलेलं दिसलं: "मार्च २२". म्हणजे त्यानंतर ऑइल बदललं असेलही, पण फिल्टर सव्वादोन वर्षं तोच. मालक खोटं बोलले नव्हते, "ऑइल" बदललंय एवढंच म्हणाले होते.

मिस्त्रीकडून फिल्टर करवतीने कापून घेतला. कागदाच्या घड्या काळ्या, चिकट, दोन ठिकाणी आत चेपलेल्या. धातूचा कीस मात्र दिसला नाही. चुंबक फिरवून बघितला, काही लागलं नाही.

खर्च: ऑइल १,७५०, फिल्टर १३०, ड्रेन बोल्टचा वॉशर २०, मजुरी ३००. चहा वेगळा.

---

गेजपट्टी | २३ जून, संध्याकाळी ६:०५

हे बघा. यावर फ्लश टाकला असता, वर्कशॉपने घाईत तोच फिल्टर ठेवला असता, तर सुटलेली सगळी घाण बायपासने बेअरिंगला गेली असती. नवा वॉशर टाकलात हे बरं केलंत. लोक वीस रुपये वाचवतात आणि पार्किंगमध्ये ठिपके मोजत बसतात.

तीन हजारला परत बदला. तेव्हाचा फिल्टरही कापा आणि फोटो टाका.

---

मी_पामर | २३ जून, संध्याकाळी ६:३०

कंदी पेढ्यांचं काय झालं?

---

टेकडीवरून | २ नोव्हेंबर २०२४, सकाळी ११:१५

पेढे आणले होते, पामरा, संपले.

काल दुसरा बदल केला, ३,१०० किमीला. ऑइल या वेळी जास्त काळं निघालं, मागच्या खेपेपेक्षा कमी चालूनसुद्धा. अनुजाताई, हे तुमचं "हळूहळू सोलणं" का? फिल्टर कापला, घड्या सरळ आहेत, तळाशी काळी बारीक कणी, चिमूटभर. कॅपखालचं लोणी पाऊस गेल्यावर आपोआप नाहीसं झालं.

---

अनुजा_वि | २ नोव्हेंबर, दुपारी २:४०

बहुधा तेच. नुसत्या रंगावरून पैज लावणार नाही, पण चिमूटभर कणी फिल्टरमध्ये सापडली म्हणजे ती जाळीतून पार होण्याइतकी बारीक होऊन आली. आपल्याला तेच हवं होतं.

---

टेकडीवरून | २ नोव्हेंबर, दुपारी ३:०२

एक शेवटची शंका. मिस्त्रीने जुनं ऑइल माझ्याच डब्यात भरून दिलं, "घेऊन जा साहेब, गेटला लावा, गंजत नाही". सव्वातीन लिटर काळं ऑइल गॅलरीत ठेवलंय, बायको रोज विचारते.

---

गेजपट्टी | २ नोव्हेंबर, दुपारी ३:३०

गेटला लावू नका, कपड्याला लागलं तर घरात दुसरा धागा निघेल. गटारात तर अजिबात ओतू नका. मिस्त्रीलाच परत द्या. आमच्याकडे पिंप भरला की जुनं ऑइल गोळा करणारा टेम्पो येतो, पूर्वी शटरिंगवाले मागून न्यायचे. डबा तेवढा परत आणा, पुढच्या वेळी लागेल.